गोणीला किती ब्लॉक? हलक्या ब्लॉकच्या प्रयोगाची वही

६ जानेवारी

सकाळी यार्डातल्या काट्यावर बाबांचा ब्लॉक ठेवला. २५ किलो २०० ग्रॅम. ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटर, म्हणजे आपला नेहमीचा सहा इंची. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात घरकुलाच्या भिंतीला हाच चालतो. सिमेंट, चुरी, बारीक गिट्टी आणि वरून व्हायब्रेटर. बाबा पंधरा वर्षे हाच ब्लॉक काढत आहेत आणि तो कधी फुटल्याचे कोणी सांगितलेले नाही.

मला वजनाचे वाटते. आमच्याकडे दोन मावश्या आहेत, नात्याने जावा. आदल्या दिवशीचे ब्लॉक उचलून थप्पीला लावायचे काम त्यांचे. दिवसाला ३००. दोघींत मिळून साडेसात टन झाले, आणि ट्रॅक्टर भरताना तेच ब्लॉक पुन्हा उचलायचे ते वेगळे. हा आकडा सांगितला तेव्हा मोठी मावशी काट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, आमी तं कधी मोजलंच नाही."

ठरवले ते असे. माप तेच, वजन निम्मे, आणि सिमेंट बाबांच्या ब्लॉकपेक्षा जास्त नको. बाकीचे साहित्य होईल तितके कारखान्यांतून टाकाऊ म्हणून निघणारे.

११ जानेवारी

सिमेंटवर एवढा कटाक्ष का, ते बाबांना नीट सांगायला बसले. त्यांना वाटत होते की सगळा दोष कोळशाचा. कोळसा आहेच, भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. पण कोळसा बाजूला ठेवला तरी चुनखडी तापली की तिच्यातूनच वायू सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीचा चुना होतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून वर जातात. गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडे जी चुनखडी निघते तिचेही रसायन हेच. भट्टी कितीही चांगली बांधली तरी हा भाग टळत नाही. सगळे धरून एक किलो साध्या सिमेंटमागे मी ०.९ किलो वायू धरते आहे.

बाबा म्हणाले, "मग किलोत कशाला मोजतेस? गोणीला किती ब्लॉक निघतात ते मोज."

तेच माप पक्के केले. बाबांचे ५० किलोच्या गोणीला २४ निघतात. ब्लॉकमागे २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास सिमेंट. माझा आकडा २४च्या वर गेला पाहिजे.

१९ जानेवारी

वीज केंद्राची राख आली. चंद्रपूरकडून चिचपल्लीच्या रस्त्याने, मोठ्या बंद पिशव्यांत. ही कोरडी राख आहे, धुराड्याआधी विजेच्या जाळ्यात पकडलेली. तळ्यात पाण्याबरोबर सोडलेली राख वेगळी. ती भरड असते, तिच्यात बॉयलरखाली पडणारी तळराख मिसळलेली असते आणि सिमेंटशी ती तितकी लागत नाही, म्हणजे पक्का बंध धरत नाही. मागच्या वर्षी एका पुरवठादाराने कोरडी म्हणून तळ्याची राख वाळवून दिली होती, त्यात एक आख्खा घाणा वाया गेला. आता पिशवी फोडताना बोटांच्या चिमटीत घेऊन पाहते. चांगली राख मैद्यासारखी सरकते, कचकचत नाही. तिचे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसतात, काचेच्या मण्यांसारखे. म्हणून मसाला कमी पाण्यातही वाहता राहतो.

आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. विदर्भात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस एवढी औष्णिक केंद्रे. राखेला तोटा नाही. १९९९च्या अधिसूचनेने वीज केंद्रांच्या परिसरातल्या वीटवाल्यांवर राख वापरायचे बंधन घातले, आणि ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने पूर्ण १०० टक्के राख मार्गी लावायची जबाबदारी केंद्रांवर टाकली. तरी गावात अजून विचारतात, "राखेचं घर बांधता काय जी?"

राखेला स्वतःचा चिकटपणा नाही. सिमेंट पाण्याशी लागताना चुना सुटतो, त्या चुन्याशी राखेतली सिलिका हळूहळू लागते आणि सिमेंट बांधते तसलाच बंध तयार होतो. फक्त तिला ओल लागते आणि दिवस लागतात. हे दोन्ही न देता राख कामाची नाही म्हणणारे बरेच भेटतात.

मिक्सरमध्ये आधी पाणी, मग राख, हा क्रम आजपासून पक्का. कोरडी राख उडते, तिच्यात बारीक सिलिका असते. पदर नाकाला लावून भागत नाही. मास्क आणले आहेत, आणि ते लावल्याशिवाय पिशवी फोडायची नाही.

२७ जानेवारी

आज फेस जमला. मसाल्यात फेस मिसळला की ब्लॉकमध्ये हवेचे फुगे राहतात आणि तो हलका होतो. तयार फेसयंत्राची किंमत झेपणारी नव्हती, म्हणून पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर घेतला आणि दोन फूट लोखंडी पाइपात भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ठासून भरल्या. एका तोंडाने हवा, दुसऱ्याने चाळीस पट पाणी घातलेले फेसद्रव्य. घासण्यांमधून दोन्ही रगडून निघतात आणि पुढच्या टोकाने पांढराशुभ्र, दाट फेस येतो. पहिले दोन दिवस नुसते पाणी थुंकत होता. घासण्या आणखी घट्ट ठासल्यावर जमला.

फेस तपासायला किराणा दुकानातला छोटा काटा आणि एक लिटरचा मग. मग काठोकाठ भरून सुरीने वरचा भाग साफ करायचा आणि वजन घ्यायचे. ६० ते ७० ग्रॅम भरला पाहिजे. ९० भरला तर पाणी जास्त आहे, मसाल्यात गेल्यावर विरतो. दुसरी खूण म्हणजे मग उलटा धरायचा. चांगला फेस पडत नाही. आज धाकट्या मावशीने मग उलटा धरला आणि मिनिटभर तसाच ठेवला. एक थेंब खाली आला, बस.

पहिला घाणा: घनमीटरला ३६० किलो सिमेंट, बाकी राख, आणि एकतृतीयांशाच्या आसपास नुसता फेस. साच्यात ओतायचा, दाबायचा नाही, व्हायब्रेटर तर अजिबात नाही, फुगे फुटतात.

३ फेब्रुवारी

ब्लॉक वाळले. १२ किलो ३०० ग्रॅम. मावशी एका हाताने उचलून दाखवत होती, शेजारच्या वावरातले लोक बघायला आले. मीही खूश होते.

रात्री वहीत आकडा मांडला तेव्हा खुशी टिकली नाही. ब्लॉकमागे सिमेंट ४ किलो ३०० ग्रॅम. गोणीला साडेअकरा ब्लॉक. बाबांचे २४. वजन निम्मे झाले, आणि ब्लॉकमागचा वायू १.९ किलोवरून ३.९ किलोवर गेला.

बाबांनी आकडा दोनदा वाचायला लावला. मग त्यांनीच कारण सांगितले, पुस्तकात शोधायची गरज पडली नाही. त्यांच्या ब्लॉकमध्ये भार गिट्टी आणि चुरी घेते, सिमेंट फक्त त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. दाबून बसवलेले असल्याने थोडके पुरते. माझ्या ब्लॉकमध्ये तिसरा हिस्सा हवा आहे. हवा काही उचलत नाही. जो काही भार आहे तो फुग्यांच्या मधल्या पातळ भिंतींवर, आणि त्या भिंती मी नुसत्या सिमेंटने भक्कम करत होते.

हलका ब्लॉक म्हणजे पर्यावरणाला चांगला, असे जाहिरातींत सर्रास लिहिलेले असते. मीही तेच धरून चालले होते. यापुढे वजनाचा आकडा लिहिताना त्याच ओळीत गोणीचा आकडा लिहायचा, एकटे वजन लिहायचे नाही.

१२ फेब्रुवारी

मूलच्या उसना, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलमधून तुसाची राख आणली होती. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा तूस, आणि तूस जाळला की त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी राख. तूस नीट जळला तर त्या राखेत ८५ टक्क्यांच्या वर सिलिका असते. आमच्या झाडीपट्टीत धानाशिवाय दुसरे काय आहे? वाटले, सिमेंट कमी करायचा हाच आपला घरचा मार्ग. सिमेंट २८० वर आणले आणि तुसाची राख घनमीटरला ६० किलो घातली.

काल संध्याकाळी ४० साचे भरले. मसाला वाहताना छान दिसत होता, रंग फक्त काळपट. आज सकाळी साच्यांजवळ गेले तर सगळे खाली बसलेले. इडलीचे पीठ बिघडल्यावर इडली बसते तसे, मध्ये खोलगट. पट्टी लावून मोजले: कुठे २ सेंटिमीटर, कुठे साडेतीन. एक ब्लॉक फोडला. वरच्या बाजूला मोठमोठी भोके आणि खालच्या चार बोटांत गच्च काळा दगड, फुग्याचा मागमूस नाही. ४० साच्यांतला एकही घेण्यासारखा नव्हता.

मोठी मावशी म्हणाली, "फेसाले काही लागलं त्या राखेचं." तिचे बरोबर असावे, कसे ते शोधायचे आहे.

२० फेब्रुवारी

राख काळी का? तूस पूर्ण जळत नाही, कोळसा उरतो. कोळशाच्या बारीक कणांना असंख्य छिद्रे असतात आणि फेसद्रव्य त्या छिद्रांत शोषले जाते. फुग्याच्या भोवतीची साय टिकवायला जे द्रव्य हवे तेच राख पिऊन टाकते, मग फुगे एकमेकांत मिसळून वर येतात आणि फुटतात. पाणी गाळायच्या यंत्रात कोळसा याच गुणासाठी ठेवतात. माझ्या साच्यात तो गुण नको होता.

आता बाटलीची परीक्षा लावली आहे. पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली, दोन चमचे राख, थोडे सिमेंट, अर्धी बाटली पाणी. फेसद्रव्याचे थेंब मोजून टाकायचे आणि खळखळ हलवायचे. आजच्या वीज केंद्राच्या राखेला ६ थेंबांत फेस आला आणि टिकला. तुसाच्या राखेला ४० थेंब टाकले तरी फेस येऊन लगेच विरला, आवाज ऐकू येत होता, सोड्याच्या बाटलीसारखा. भारतीय मानकात सिमेंटबरोबर वापरायच्या राखेत जळून जाणारा भाग ५ टक्क्यांच्या आत हवा असे आहे. तुसाच्या या राखेत तो कितीतरी जास्त असणार.

तूस ७०० अंशांच्या खाली, भरपूर हवेत, सावकाश जाळला तर राख करडी-पांढरी येते आणि सिलिका काचेसारखी, लागण्याजोगी राहते. त्याहून तापला तर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती निष्क्रिय होते. तारेच्या जाळीच्या पिंपात थोडा जाळून पाहिला, राख खरोखर चांगली आली, बाटलीत पास झाली. पण नंतर ती दळावी लागते आणि दिवसाला चार किलोच्या वर होत नाही. मिलच्या मालकांना बॉयलरची हवा वाढवून पाहायला सांगितले आहे. त्यांचा बॉयलर त्यांच्या वाफेसाठी आहे, माझ्या ब्लॉकसाठी नाही, हे मला कळते. तुसाची राख सध्या बाजूला.

प्रत्येक पिशवीची बाटली-परीक्षा मात्र राहणार. तारीख आणि थेंब वहीच्या मागच्या पानावर.

२ मार्च

नवा घाणा. घनमीटरला सिमेंट २६० किलो, राख ४८०, आणि पहिल्यांदाच तळराख २००. ही बॉयलरच्या खाली पडते, सच्छिद्र असते, चाळून घेतली की रेतीच्या जागी चालते आणि रेतीपेक्षा बरीच हलकी. रेतीघाटांचे भाव आणि भानगडी पाहता रेती लागतच नाही हा मोठा दिलासा. फक्त ती आधी भिजवून घ्यायची, नाहीतर मसाल्यातले पाणी ओढते.

फेस टाकायच्या आधी आणि नंतर बादलीचे वजन. ओला मसाला घनमीटरला १२३० च्या आसपास आला, वाळल्यावर हजारावर येईल. गोणीला १६.

११ मार्च

सिमेंट अजिबात न वापरता, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट घालून राख पक्की करायची एक पद्धत आहे. कॉलेजात तिच्यावर सेमिनार दिला होता, तेव्हापासून मनात होती. छोटे घन करून पाहिले, चांगले कडक झाले. पण कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची बादली यार्डात ठेवून, अनवाणी वावरणाऱ्या बायकांना त्याच्याजवळ काम करायला मी सांगणार नाही. डोळ्यात एक थेंब गेला तरी डोळा जातो. शिवाय ती रसायने बनवायलाही ऊर्जा लागतेच. नाही.

१८ मार्च

सिमेंटचा काही भाग वाचवायला स्लॅगची, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळाची, चौकशी सुरू केल्यापासून जो तो स्लॅग दाखवतो. एकाने ट्रकभर फुकट देऊ केला. काळे, जड, चुंबकाला चिकटणारे खडे. तो लोखंड वितळवायच्या विजेच्या भट्टीतला निघाला. त्याने सिमेंटचे काम होत नाही. उलट त्यात मोकळा चुना असेल तर भिंतीत जाऊन फुगतो.

हवा तो झोतभट्टीतला, जिथे खनिजापासून लोखंड काढतात. लोखंड वितळताना वर तरंगणारा मळ पाण्याच्या फवाऱ्यात एकदम गार केला की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. ती काच दळली की सिमेंटच्या साथीने स्वतः लागते. सावकाश गार झालेला तोच मळ नुसता दगड असतो. हवा तो स्लॅग छत्तीसगडकडून दळलेला, गोणीत भरून मिळतो. रंग सिमेंटपेक्षा पांढरट. लांबून येतो म्हणून गाडीचा वायूही हिशेबात धरला. ब्लॉकमागे ५० ग्रॅमच्या आसपास. एवढे चालेल. देशातला असा बराचसा स्लॅग सिमेंट कारखानेच घेतात, तेव्हा हा काही न संपणारा साठा नाही, हेही इथे लिहून ठेवते.

२९ मार्च

सिमेंट १३०, स्लॅग १३०, राख ४८०, तळराख २००. गोणीला ३२. पहिल्यांदा बाबांच्या पुढे.

साचे २४ तासांत सुटले नाहीत. कोपरे बोटाने चुरत होते. ४० तासांनी सुटले. स्लॅग आणि राख दोन्ही सावकाश लागणारे. मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढ्या साच्यांत दिवसाआड काम होईन." खरे आहे. साचे दुप्पट करायचे पैसे आत्ता नाहीत.

१४ एप्रिल

आज जयंती, यार्ड बंद. मावश्या सकाळीच पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीला गेल्या. मी तापमान घ्यायला दोनदा चक्कर मारली.

गेल्या पंधरवड्यात एक गोष्ट हाती लागली आहे आणि ती फुकट आहे. स्लॅग आणि राख उष्णतेत भराभर लागतात, अट एकच, ओल टिकली पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात उष्णता लागेल तेवढी. अडचण असते पाण्याची: उघड्यावर पाणी मारले की तासाभरात उडून जाते आणि ब्लॉक तहानलेला राहतो. म्हणून थप्पी भिजवून काळ्या प्लास्टिकने पूर्ण झाकली, कडा मातीने दाबल्या. दुपारी ३ वाजता बाहेर ४३ अंश, प्लास्टिकच्या आत ६१. आत हात घातला तर सगळे ओले, प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाणी निथळून पुन्हा ब्लॉकवर पडत होते. चार दिवसांत फक्त एकदा पाणी घालावे लागले. विहिरीची या महिन्यातली स्थिती पाहता हे मला ताकदीइतकेच मोलाचे वाटते.

७० च्या वर मात्र जाऊ द्यायचे नाही. ताज्या काँक्रीटला फार उष्णता लागली तर पुढे काही महिन्यांनी ते आतून फुगून तडकण्याचा धोका असतो. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी वरून बांबूची तट्टी टाकायची.

२६ एप्रिल

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतून २८ दिवसांच्या ताकदीचे आकडे आले. आमचे लक्ष्य ३.५ एमपीए (मेगापास्कल, दाबाचे माप), म्हणजे भिंतीत लावतात तशा ठेवलेल्या एका ब्लॉकवर साधारण २१ टन.

३६० सिमेंटचा पहिला घाणा: ४.१. २६० चा: २.६. स्लॅगचा, प्लास्टिकखाली उन्हात ठेवलेला: ३.४. त्याच घाण्यातले सहा ब्लॉक मुद्दाम शेडमध्ये सावलीला, रोज एकदा पाणी मारून ठेवले होते, ते २.१.

शेवटचे दोन आकडे मी परत परत पाहिले. तोच मसाला, तोच मिक्सर, तोच दिवस. ३.४ आणि २.१ मध्ये फरक फक्त प्लास्टिक आणि उन्हाचा. लक्ष्याला ०.१ कमी आहे. सिमेंट दहा किलो वाढवले की आकडा आजच्या आज सुटेल. नाही वाढवणार, ५६ दिवसांची वाट पाहीन.

४ मे

वाट बघताना गोठ्याची एक भिंत उभी करायला घेतली, दहा फूट लांब. गोठा आमचाच, त्यामुळे धोका आमचाच. बाबांनी खालचे तीन थर स्वतःच्या ब्लॉकचे लावायला सांगितले. माझा ब्लॉक पाणी शोषतो, पावसाळ्यात जोत्याला शिंतोडे उडतात, आणि गाई-बैल अंग घासतात. पटले.

हलकी भिंत काळ्या जमिनीला सोपी जाईल असे मी आधी सगळ्यांना सांगत होते. ते चुकीचे होते, दुरुस्त करते. काळी माती पाण्याने फुगते तेव्हा जड घरापेक्षा हलक्या घराला सहज वर उचलते. पाया खोल नेऊन फुगणाऱ्या थराखाली टेकवायला हवाच, भिंत कोणतीही असो. ज्यांना ज्यांना सांगितले होते त्यांना पुन्हा सांगून आले.

१९ मे

भिंतीत तीन उभ्या चिरा. केसाएवढ्या, पण वरपासून खालपर्यंत, ब्लॉकच्या सांध्यांतून. मिस्त्रींनी सिमेंटच्या मसाल्याला दोष दिला. मी वहीत बघितले: भिंतीला लागलेले ब्लॉक फक्त १२ दिवसांचे होते आणि प्लास्टिक काढून थेट भिंतीत गेले. गिट्टी नसलेला असा ब्लॉक वाळताना आकसतो, आणि आकसायचे ते त्याने भिंतीत जाऊन केले. घाई माझी होती, गोठा पावसाआधी व्हावा म्हणून.

पुढे असे: प्लास्टिकखाली १४ दिवस, मग उघड्या हवेत, दोन ब्लॉकांत बोटभर फट ठेवून, किमान सहा आठवडे वाळवायचे. जोडायला कडक मसाला नको. एकास सहा, त्यात थोडा चुना.

२४ मे

५६ दिवसांचा आकडा: ३.९.

फोन आला तेव्हा मी मिक्सरजवळ होते. मावशीला सांगितले. तिने विचारले, "पास?" म्हटले, पास. ती साचा पुसायला वळली, आणि थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "मंग आता तेच भरायचे ना, हलकेच?"

हिशेब पूर्ण: सिमेंटचे १.४ किलो, स्लॅग दळण्याचे आणि वाहतुकीचे मिळून ०.२. ब्लॉकमागे १.६ किलो वायू, बाबांच्या ब्लॉकला १.९. फरक फार मोठा नाही, आणि तो फुगवून सांगायचा नाही. वजन १२ किलो १०० ग्रॅम. एका ट्रॅक्टरमध्ये दुप्पट जातात, त्याचे डिझेल मी अजून धरलेले नाही.

२८ मे

दुपारी ४ वाजता गोठ्यात दोन्ही भिंतींच्या आतल्या बाजूचे तापमान घेतले. दोन्ही पश्चिमेच्या. जुन्या भिंतीला ४३, नवीला ३८. हाताला फरक लगेच कळतो. पण वर टिन आहे, आणि टिनाखालून डोके भाजते ते भाजतेच. ज्यांच्या घरकुलाला टिनाचे छत पडणार आहे त्यांना नुसत्या भिंतीने घर थंड होईल असे सांगून ब्लॉक विकायचा नाही.

धाकट्या मावशीने भिंतीत खिळा ठोकून पाहिला. दोन ठोक्यांत आत गेला आणि बोटाने बाहेर आला. "इथं देवाचा फोटो कसा लटकवायचा?" घर राहणाऱ्याच्या दृष्टीने हाच पहिला प्रश्न आहे, आणि तो माझ्या डोक्यात आला नव्हता. खुंटी, दाराची चौकट, फळी जिथे येणार तिथे बाबांचा ब्लॉक लावायचा. त्या जागा घरच्या बाईला विचारून आधी खडूने खुणा करून घ्यायच्या.

६ जून

उद्या-परवा मृग. उघड्यावर वाळत असलेले ४१० ब्लॉक आज शेडमध्ये घेतले. मावश्यांनी दोघींनी मिळून अडीच तासांत. मागच्या वर्षी एवढ्यालाच दुपार झाली होती.

पावसाळ्यात ऊन नाही, म्हणजे प्लास्टिकखाली ६० अंश नाहीत आणि ३.४ ही नाहीत. शेडमधला आकडा २.१ होता, तो विसरून चालणार नाही. दोन वाटा आहेत: जून ते सप्टेंबर सिमेंट वाढवून गोणीला २२-२३ वर यायचे, किंवा हलका ब्लॉक फक्त फेब्रुवारी ते मे काढायचा आणि पावसाळाभर बाबांचा. बाबा म्हणतात, धानासारखा हाही हंगामी समजायचा. मीही त्याच बाजूला आहे. पण त्याआधी मिलच्या बॉयलरमागची गरम खोली बघून यायची आहे, जिथे उसना धान वाळतो. मालकांनी सोमवारी सकाळी यायला सांगितले आहे. बरोबर थर्मामीटर, सहा ताजे ब्लॉक आणि प्लास्टिकचा तुकडा.